विश्लेषण : विकेटमागे आठ आणे, पण कर्णधारपद नाही… बाळू पालवणकर कोण होते?

भातकापणी उरकली की कर्जत-खालापूर परिसरात टेनिस बॉल क्रिकेटचे मंडप उभे राहतात. चौकपासून खोपोली-नेरळपर्यंत गावोगावी स्पर्धा होतात, बक्षिसांच्या रकमा जाहीर होतात, आणि बाहेरगावचा एखादा नावाजलेला गोलंदाज पैसे देऊन संघात घेतला तर त्याचे कुणाला नवल वाटत नाही. खेळायचे पैसे मिळणे ही आता प्रतिष्ठेची गोष्ट आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र पैसे घेऊन खेळणारा हा नोकर मानला जाई आणि हौसेने खेळणारा साहेब. त्या काळात पुण्यातील एका क्लबचे मैदान झाडणारा एक तरुण देशातील सर्वोत्तम गोलंदाज झाला. त्याची गोलंदाजी सर्वांना हवी होती. त्याच्या शेजारी बसून जेवणे आणि त्याच्या हाताखाली खेळणे मात्र अनेकांना नको होते. बाळू पालवणकर यांची कारकीर्द नेमकी कशी होती आणि तिची आजही आठवण का ठेवायची, ते पाहू.

बाळू पालवणकर कोण होते?

पालवणकर बाळू हे डावखुरे फिरकी गोलंदाज होते. भारतीय क्रिकेटमधील पहिले मोठे फिरकीपटू म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांचा जन्म १८७५-७६च्या सुमारास धारवाड येथे झाला. कुटुंब मूळचे कोकणातील, रत्नागिरी जिल्ह्यातले. पालवण या गावावरून पालवणकर हे आडनाव आले. समाज चर्मकार, म्हणजे त्या काळच्या व्यवस्थेत अस्पृश्य मानला गेलेला. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने मुलांचे बालपण पुण्यातील छावणीच्या परिसरात गेले.

छावणीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या बॅट आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी खेळायला सुरुवात केली. पुढे गणपत आणि विठ्ठल हे दोन भाऊही क्रिकेटपटू झाले. हे चौघेही भाऊ पुढे हिंदू संघाकडून खेळले. त्यांच्यामागे ना संस्थान होते ना पैसा.

मैदान झाडणारा मुलगा गोलंदाज कसा झाला?

बाळू यांची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबमध्ये होती. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, आणि अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२च्या सुमारास ते युरोपियन लोकांच्या पूना क्लबमध्ये कामाला लागले. तिथे पगार चार रुपये झाला. काम तेच होते, फक्त जाळी बांधणे आणि मैदान आखणे यांची भर पडली.

क्लबच्या ट्रॉस नावाच्या सभासदाने एके दिवशी त्यांना सरावासाठी गोलंदाजी करायला सांगितले. हळूहळू इतर गोऱ्या खेळाडूंनाही या मुलाचा चेंडू खेळण्याजोगा वाटू लागला. त्यात सर्वात महत्त्वाचे नाव म्हणजे जे. जी. ग्रेग. लष्करी अधिकारी असलेले ग्रेग त्या काळातील भारतातले अव्वल युरोपियन फलंदाज होते. ते इतरांच्या तासभर आधी मैदानावर येत आणि बाळू यांच्या गोलंदाजीवर सराव करत. आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे, असा त्यांनी बाळू यांच्याशी ठराव केला होता असे सांगितले जाते. महिन्याला चार रुपये मिळवणाऱ्यासाठी आठ आणे म्हणजे जवळपास चार दिवसांचा पगार. ग्रेग महिन्यात आठ वेळा बाद झाले तर पगार दुप्पट.

या आठ आण्यांचा फायदा दोघांनाही झाला. ग्रेग यांची फलंदाजी सुधारली, आणि बाळू यांना शेकडो तास उत्तम फलंदाजासमोर गोलंदाजी करायला मिळाली. आज त्याला नेट प्रॅक्टिस म्हणतात. त्यात एकच त्रुटी होती. पूना क्लबमध्ये बाळू यांना बॅट कधीच हातात दिली गेली नाही. गोलंदाजी हे कष्टाचे काम, ते नोकराने करायचे. फलंदाजी हा साहेबांचा मान. पुढे संपूर्ण कारकिर्दीत बाळू प्रामुख्याने गोलंदाजच राहिले, याचे मूळ काही अंशी इथे आहे.

त्यांच्या गोलंदाजीत विशेष काय होते?

डावखुऱ्या संथ फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताच्या फलंदाजापासून दूर जातो. बॅटची कड लागण्याची शक्यता त्यामुळे वाढते. त्या काळी खेळपट्ट्या झाकल्या जात नसत. पावसाने किंवा दवाने ओली झालेली खेळपट्टी उन्हात सुकू लागली की चेंडू जास्त वळे. बाळू यांच्याकडे दोन्ही बाजूंना चेंडू वळवण्याची क्षमता होती, वेग बदलण्याची समज होती, आणि दिवसभर एकाच टप्प्यावर चेंडू टाकत राहण्याची चिकाटी होती. त्या काळचे जाणकार त्यांची तुलना इंग्लंडचे महान डावखुरे फिरकीपटू विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी करत.

पुण्यातील हिंदू संघाने त्यांना का घेतले?

पुण्यात हिंदूंचाही एक क्रिकेट क्लब होता आणि युरोपियन संघाला हरवणे हे त्याचे स्वप्न होते. ग्रेगसारख्या फलंदाजाला रोज चकवणारा गोलंदाज शहरातच आहे, ही बातमी अर्थातच त्यांच्यापर्यंत पोहोचली. पण हा गोलंदाज चर्मकार. त्याला संघात घ्यायचे का, यावर क्लबमध्ये दोन गट पडले. काही तेलुगू सभासदांचा आग्रह होता की त्याला घ्यावे. काही ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. अशा गोलंदाजाला बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे मत खुद्द ग्रेग यांनी जाहीरपणे मांडले. शेवटी जिंकण्याची इच्छा विटाळाच्या कल्पनेपेक्षा मोठी ठरली आणि बाळू संघात आले.

मात्र ही मुभा सीमारेषेच्या आतच होती. मैदानात बाळू यांनी टाकलेला चेंडू ब्राह्मण क्षेत्ररक्षक पकडत, तोच चेंडू परत त्यांच्या हातात देत. चहाची वेळ झाली की चित्र बदले. इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घेत. बाळू यांना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या मडक्यात चहा मिळे. जेवणासाठी त्यांचे ताट वेगळे, टेबल वेगळे. हातपाय धुवायचे असतील तर अस्पृश्य समाजातील नोकर मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन त्यांच्या हातावर पाणी ओती.

याच संघाने साताऱ्यात केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या जिमखान्याविरुद्ध सामना खेळला. बाळू यांची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी कडक केली होती. बाळू यांनी तरीही सात गडी बाद केले आणि सामना जिंकून दिला.

मुंबईत आल्यावर काय बदलले?

१८९०च्या दशकाच्या अखेरीस, प्लेगच्या काळात, बाळू मुंबईला आले. पुणे-मुंबई प्रवासाचा मार्ग तेव्हाही बोरघाट उतरून कर्जतवरूनच जात होता. घाटातील हा लोहमार्ग १८६३मध्ये सुरू झाला होता आणि त्याने दोन्ही शहरांतील नोकरी, व्यापार आणि खेळ यांचे अंतर कमी केले होते. पुण्याचे खेळाडू मुंबईत आणि मुंबईचे संघ पुण्यात खेळू लागले, ते याच गाड्यांमुळे.

मुंबईत १८९४मध्ये परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना स्थापन झाला होता. बाळू तिथे खेळू लागले. पोटापाण्यासाठी त्यांनी आधी लष्करात आणि नंतर बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वसुरी कंपनीत, नोकरी केली. रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळत. खेळाच्या जोरावर नोकरी मिळवणाऱ्या भारतीय क्रिकेटपटूंच्या पहिल्या पिढीत त्यांचा समावेश करता येईल.

मुंबई हे गिरण्यांचे, रेल्वेचे आणि गोदीचे शहर. डब्यात शेजारी कोण बसले आहे, हे विचारत बसायला तिथे वेळ नव्हता. जात गेली नव्हती, पण तिचा पहारा पुण्यापेक्षा सैल होता. काही वर्षांत हिंदू जिमखान्यात बाळू आणि शिवराम सहकाऱ्यांबरोबर जेवू लागले. पुण्याच्या पॅव्हेलियनबाहेरचे मडके ते मुंबईतील एकत्र पंगत, हा बदल दहाएक वर्षांत झाला.

१९०६चा सामना इतका महत्त्वाचा का?

मुंबईतील मोठे क्रिकेट तेव्हा धर्म आणि वंशाच्या नावाने खेळले जाई. १८९२पासून युरोपियन आणि पारशी संघांत दरवर्षी सामने होत. हिंदूंना बरोबरीचे मानले जात नव्हते. फेब्रुवारी १९०६मध्ये हिंदू आणि युरोपियन संघ आमनेसामने आले. हिंदू संघाने २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियन संघ १९१ आणि १०२ धावांत बाद झाला. हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला. बाळू यांनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच, असे आठ गडी बाद केले. शिवरामही त्या संघात होते.

राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले, ही बातमी देशभर गाजली. वंगभंगाच्या विरोधातील स्वदेशीची चळवळ तेव्हा जोरात होती, त्यामुळे या विजयाला राजकीय रंगही चढला. इंडियन सोशल रिफॉर्मरसारख्या सुधारणावादी पत्राने मात्र दुसरी बाजू पाहिली. हा विजय जातीची भिंत थोडी बाजूला सारल्यामुळे शक्य झाला, हे त्याने दाखवून दिले. पुढच्याच वर्षी, १९०७मध्ये, युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२मध्ये मुस्लीम संघ आल्यावर ती चौरंगी झाली.

१९११च्या इंग्लंड दौऱ्यात काय घडले?

१९११मध्ये सर्व समाजांतील खेळाडूंचा एक भारतीय संघ प्रथमच इंग्लंडला गेला. त्याआधी १८८६ आणि १८८८मध्ये पारशी संघ जाऊन आले होते. कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग, वय अवघे १९. महाराजांचा बराच वेळ लंडनमधील समारंभांत गेला आणि ते मोजकेच सामने खेळले. संघाचा भार व्यावसायिक आणि मध्यमवर्गीय खेळाडूंवर पडला.

संघ म्हणून निकाल वाईट होते. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी फक्त दोन जिंकले, दोन अनिर्णित राहिले आणि दहा हरले. बाळू यांची कामगिरी मात्र वेगळीच होती. प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी २०.१२च्या सरासरीने ७५ बळी घेतले. दौऱ्यातील सर्व सामने धरले तर ११४ बळी, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध १०३ धावांत आठ बळी ही त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोत्तम कामगिरी ठरली. लिस्टरशायरविरुद्ध त्यांनी सामन्यात ११ बळी घेतले आणि संघाने सात गडी राखून सामना जिंकला. दुसरा विजय सॉमरसेटविरुद्ध एका गड्याने मिळाला. त्यात शिवराम यांनी नाबाद ११३ धावा केल्या. म्हणजे दौऱ्यातील दोन्ही मोठ्या विजयांवर पालवणकर भावांची छाप होती.

या वेळी बाळू पस्तिशीचे होते. खांदा दुखत होता. संघात त्यांच्या तोडीचा दुसरा गोलंदाज नसल्याने षटकांमागून षटके टाकावी लागत होती. ज्या देशाचे साहेब पुण्यात त्यांना बॅट धरू देत नव्हते, त्याच देशाच्या मैदानांवर आता त्यांच्या गोलंदाजीची चर्चा होत होती.

त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये आणखी कोण होते?

१९११ हे राजे पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचे वर्ष. त्या उन्हाळ्यात लंडनमध्ये आणखी एक खेळाडू आला होता, ज्याची गोष्ट बाळू यांच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. तो म्हणजे अमेरिकेचा कृष्णवर्णीय बॉक्सर जॅक जॉन्सन. जन्म १८७८चा, म्हणजे वयाने बाळू यांच्या जवळचा. हेवीवेट गटातील गोरे जगज्जेते काळ्या आव्हानवीरांशी लढायलाच नकार देत. या प्रथेला रंगरेषा म्हटले जाई. जॉन्सन यांनी टॉमी बर्न्स यांचा वर्षानुवर्षे पाठलाग केला आणि अखेर २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत त्यांना हरवून जगज्जेतेपद मिळवले. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे त्यांनी निवृत्तीतून परतलेल्या जिम जेफ्रीज यांनाही नमवले. त्यानंतर अमेरिकेतील अनेक शहरांत वांशिक दंगली उसळल्या. १९११च्या शरद ऋतूत लंडनमध्ये त्यांची लढत ब्रिटिश बॉक्सर बिली वेल्स यांच्याशी ठरली होती. तत्कालीन गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ती होऊ दिली नाही.

दोघांचा अडथळा जन्मावर आधारित होता. पण खेळांच्या रचनेत फरक होता. बॉक्सिंगमध्ये एकदा रिंगमध्ये उतरले की निकाल दोन माणसांत लागतो. म्हणून तिथे भेदभाव करणाऱ्यांचा सारा प्रयत्न लढतच होऊ न देण्याचा असतो. लढत झाली की किताब जिंकणाऱ्याचाच. क्रिकेटमध्ये तसे नसते. संघात घ्यायचे की नाही, गोलंदाजी कधी द्यायची, फलंदाजीला कितव्या क्रमांकावर पाठवायचे, नेतृत्व कोणाला द्यायचे, हे सर्व इतरांच्या हातात असते. म्हणून क्रिकेटमध्ये एखाद्याचा खेळ पूर्ण वापरून घेऊनही त्याचा मान रोखून धरता येतो. बाळू यांच्याबाबतीत तेच झाले.

कर्णधारपद का नाकारले गेले?

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत बाळू यांचा सत्कार झाला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांसाठी ते तेव्हा सर्वात मोठे नाव होते. मुंबईत शिकत असलेले तरुण भीमराव आंबेडकर यांनाही त्यांच्याविषयी अभिमान होता. हिंदू संघातील ते सर्वात अनुभवी आणि सर्वात यशस्वी खेळाडू होते. साहजिकच त्यांना कर्णधार करावे, अशी मागणी होऊ लागली.

दरवर्षी ही मागणी फेटाळली गेली. एम. डी. पै या ब्राह्मण खेळाडूकडे नेतृत्व गेले आणि अनेक वर्षे राहिले. विशेष म्हणजे पै यांनी स्वतः एका सत्कार समारंभात सांगितले की हा मान ज्येष्ठ असलेल्या बाळू यांना मिळायला हवा होता. म्हणजे ज्यांना पद मिळाले त्यांनाही निर्णय चुकीचा वाटत होता. निवड समितीला मात्र वाटत नव्हता.

इथे एक व्यावहारिक बाब लक्षात घ्यायला हवी. कर्णधार गोलंदाजाला चेंडू देतो, क्षेत्ररक्षकांना जागा सांगतो, खेळाडूंना हुकूम देतो. बाळू यांच्याबरोबर जेवायला तयार झालेल्यांपैकीही अनेकांना त्यांचा हुकूम मानणे जड जात होते. एका पंगतीत बसण्यापेक्षा ही पायरी कितीतरी उंच होती.

१९२०मध्ये भावांनी संघ का सोडला?

डिसेंबर १९२०मध्ये मुंबईत चौरंगी स्पर्धा झाली. बाळू आता पंचेचाळिशीत पोहोचले होते आणि त्यांना पहिल्या सामन्यासाठी वगळण्यात आले. पै आजारी होते. नेतृत्वासाठी अनुभवाने पुढे असलेले शिवराम आणि विठ्ठल हे दोघे संघात होते. निवड समितीने पुण्याचे तरुण फलंदाज दि. ब. देवधर यांना कर्णधार केले. देवधर पुढे मोठे खेळाडू झाले, यात शंका नाही. पण त्या वेळी अनुभवाने ते पालवणकर भावांच्या मागे होते.

शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली आणि जाहीर निवेदन काढले. नेतृत्व गुणांवर आणि ज्येष्ठतेवर ठरायला हवे, जातीवरून डावलले जाणे हा अपमान आहे आणि तो सहन करून आपण खेळणार नाही, असा त्याचा आशय होता. बाळू यांनी २५ वर्षे जे सोसले ते धाकट्या भावांनी नाकारले. काळही बदलला होता. असहकाराचे वारे होते, त्याच महिन्यात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते आणि अस्पृश्यता निवारण हा राष्ट्रीय प्रश्न म्हणून चर्चेत आला होता. वृत्तपत्रांतून जिमखान्यावर टीका झाली.

जिमखान्याला नमते घ्यावे लागले. पारशी संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै परतले, शिवराम आणि विठ्ठल यांना परत बोलावले गेले, आणि बाळू यांना संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले. सामन्यादरम्यान पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि त्या वेळात हिंदू संघाचे नेतृत्व बाळू यांनी केले. त्यांच्या वाट्याला आलेले कर्णधारपद एवढेच. तो मोसम त्यांच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीचा शेवटचा ठरला. ३३ सामन्यांत १५.२१च्या सरासरीने १७९ बळी, ही त्यांची अंतिम नोंद.

तीन वर्षांनी, १९२३मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा संघाने जिंकली. मोठ्या भावाला नाकारलेले पद धाकट्याला मिळायला एक दशक आणि एक बहिष्कार लागला.

आंबेडकरांविरुद्ध त्यांनी निवडणूक का लढवली?

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक जीवनात आले. इथे त्यांची गोष्ट गुंतागुंतीची होते. ज्यांना एकेकाळी बाळू यांचा अभिमान होता ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आता दलितांचे सर्वात प्रभावी नेते होते. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत, अशी त्यांची भूमिका होती. बाळू यांचा स्वतंत्र मतदारसंघांना विरोध होता. हिंदू समाजात राहून, आतून बदल घडवावा असे त्यांना वाटे. गांधीजींच्या येरवडा तुरुंगातील उपोषणानंतर २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांतून प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा, हे त्याचे मुख्य कलम. या करारावर आंबेडकर यांची सही आहे आणि बाळू यांचीही.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात आंबेडकर यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. बाळू यांनी धर्मांतराच्या कल्पनेला विरोध केला. १९३७मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक आली. आंबेडकर यांनी आदल्या वर्षी स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईतून अर्ज भरला. त्यांच्यासमोर काँग्रेसने बाळू यांना उभे केले. जातीच्या अन्यायाचा चटका बसलेला आणि घराघरात माहीत असलेला दुसरा उमेदवार शहरात नव्हता. आंबेडकर यांना १३,२४५ मते मिळाली, बाळू यांना ११,२२५. अंतर दोन हजारांहून थोडे अधिक.

या लढतीवरून बाळू यांना कोणाच्या हातचे बाहुले ठरवणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. दोघांनीही अपमान भोगला होता, पण दोघांचे अनुभव वेगळे होते. बाळू यांनी मडक्यापासून पंगतीपर्यंत आणि पंगतीपासून उपकर्णधारपदापर्यंतचा बदल आपल्या डोळ्यांनी पाहिला. हिंदू समाज हळूहळू का होईना बदलतो, हा त्यांचा निष्कर्ष त्यातून आला. आंबेडकर यांनी महाडच्या तळ्यापासून नाशिकच्या काळाराम मंदिरापर्यंत दारे बंद होताना पाहिली. इतक्या संथ बदलाची वाट पाहत पिढ्या खर्ची घालायच्या नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष होता. खुद्द बाळू यांच्या कारकिर्दीकडे पाहिले तर आंबेडकर यांच्या मुद्द्याला तिथेही आधार सापडतो. देशातील सर्वोत्तम गोलंदाजालाही कर्णधारपद मागून मिळाले नाही. त्यासाठी भावांना संघ सोडावा लागला.

आज त्यांची आठवण कुठे आहे?

बाळू पालवणकर यांचे ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निधन झाले. भारताने पहिला कसोटी सामना १९३२मध्ये खेळला, तोवर ते खेळातून बाहेर पडून दशक उलटले होते. त्यामुळे कसोटीच्या विक्रमांच्या यादीत ते नाहीत, आणि यादीत नसलेला खेळाडू लवकर विसरला जातो. विठ्ठल यांनी १९४८मध्ये माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. भावांच्या वाट्याला आलेले बरेच प्रसंग त्यामुळे टिकून राहिले. मुंबईत प्रभादेवीला पी. बाळू मार्ग आहे. त्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या बहुतेकांना हे बाळू कोण, हे ठाऊक नसते.

विनू मंकड, बिशनसिंग बेदी यांच्यापासून आजपर्यंत डावखुऱ्या फिरकीची भारताची परंपरा मोठी आहे. तिचा आरंभ शोधायचा तर पूना क्लबच्या जाळीपर्यंत जावे लागते, जिथे एक तरुण आधी खेळपट्टी झाडत असे आणि मग त्याच खेळपट्टीवर साहेबाला बाद करत असे. संघात जागा मिळणे हे भेदभाव संपल्याचे लक्षण असते का, या प्रश्नाला त्याच्या कारकिर्दीने दिलेले उत्तर स्पष्ट आहे. संघात कोण आहे यापेक्षा जेवणाच्या टेबलावर कोण बसतो आणि कर्णधार कोण होऊ शकतो, यावरून ते ठरते.